पाहुण्यांना बोटीत बसवलं

“मॅडम, जरा बाजूला व्हा. आबांना बोटीत पाय टाकू द्या.”

मी धक्क्यावर बोटीचा दांडा धरून उभी होते. बाजूला झाले नाही. बोटीत दोनच माणसं होती, चालवणारे अस्लमभाई आणि पंच. तिसरं माणूस असता कामा नये, असा नियम आहे. मागे पाण्यात मंगला दोरीची मूठ धरून, पायात स्की घालून तरंगत होती. तिची फेरी व्हायची होती, आणि पाहुण्यांसाठी बोट थांबवून ठेवली होती.

“नाना, स्पर्धा चालू आहे,” मी म्हणाले.

“म्हणून तर! आबांना आपली पोर जवळून दाखवायची.”

नाना म्हणजे वॉटर स्पोर्ट्स क्लबचे अध्यक्ष. धंदा ठिबकच्या पाइपांचा. शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी एक धरण आहे. तिथे हा खेळ नानांनीच आणला. बोट त्यांनी आणली, परवानग्यांसाठी खेटे त्यांनी घातले. हे सगळं मला मान्य आहे, आणि तरीही त्या दिवशी त्यांना उचलून पाण्यात टाकावं असं मला वाटत होतं.

आबा म्हणजे प्रमुख पाहुणे. उद्घाटन सकाळी होतं, आबा दुपारी आले. बरोबर दोन माणसं. तिघंही चांगल्या अंगाचे. फेटे बांधलेले, गळ्यात हार. धरणाच्या वाऱ्यात फेट्याचे शेमले फडफडत होते आणि एकाने फोन आधीच काढून हातात धरला होता.

आता माझं काम काय ते सांगते, म्हणजे माझा राग समजेल. मी जळगावची. आधी एमआयडीसीत इंजिनांचे गव्हर्नर तपासायचे. गव्हर्नर म्हणजे इंजिनावर ओझं कमी-जास्त झालं तरी त्याचा वेग एकसारखा ठेवणारा भाग. पुढे तेच काम बोटींवर करायला लागले. स्लालम नावाचा प्रकार आहे वॉटर स्कीइंगमध्ये. बोट सरळ रेषेत जाते. दोन्ही बाजूंना पाण्यात तीन-तीन बोये, म्हणजे तरंगते गोळे, नांगरून ठेवलेले असतात. मागे दोरीला धरून येणाऱ्या खेळाडूने एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं करत सहाही बोयांना बाहेरून वळसा घालायचा. जमलं की दोरी आखूड करतात आणि पुन्हा तेच. जिथे पडाल तिथे खेळ संपला. शेवटच्या दोरीवर किती बोये झाले, त्यावर नंबर ठरतो. अर्ध्या बोयाचाही हिशेब होतो.

यात बोटीचा वेग सगळ्यांसाठी एकच हवा. बायकांच्या गटात ताशी पंचावन्न किलोमीटर. ऐकायला सोपं वाटतं. पण खेळाडू या बाजूने त्या बाजूला झेपावते तेव्हा ती बोटीला जबरदस्त मागे खेचते. बोट मंदावते. पूर्वी चालवणारा माणूस हाताने रेस द्यायचा. कोणी जास्त देई, कोणी कमी. आवडीच्या खेळाडूसाठी हात जरा हलका पडे. म्हणून आता यंत्र असतं. ते उपग्रहावरून बोटीचा वेग सतत मोजतं, मंदावला की लगेच रेस वाढवतं, ओढ सुटली की कमी करतं. चालवणाऱ्याने फक्त स्टिअरिंग सांभाळायचं. हे यंत्र बसवणं, तपासणं आणि “बोट सगळ्यांसाठी सारखी आहे” असं सांगणं हे माझं काम.

यंत्र हुशार असतं, पण मनकवडं नसतं. त्याला बोटीत किती वजन आहे ते आधी सांगावं लागतं. मी सकाळी दोन माणसांचं सांगितलं होतं.

“मग वाढवा ना वजन मशीनमध्ये,” नाना म्हणाले. “तुमचं बटण दाबायचं काम आहे. दोन मिनिटांचं.”

“नाना, मशीनला सांगून बोट हलकी होत नाही. तीन माणसं मागे बसली की बोटीचं बूड खाली जातं. मागची लाट उंच आणि टणक होते. पोरीला ती लाट दर वेळी ओलांडायची असते. बाकीच्या मुलींना ही लाट नव्हती. हिलाच का?”

“एवढ्यानं काय होतं?”

एवढ्यानं काय होतं! आमच्या भागातलं निम्मं नुकसान या एका वाक्याने झालेलं आहे. मी पंचांकडे पाहिलं. नाशिकहून आलेले सर. नियमपुस्तक त्यांना पाठ. सकाळी त्यांनी एका मुलीला जॅकेटच्या पट्ट्यावरून परत पाठवलं होतं.

“सर, तुम्ही सांगा.”

सरांनी चष्मा पुसला. “नियमात बसत नाही हे खरं आहे. पण आयोजकांची अडचणही आपण समजून घ्यायला हवी. एकच फेरी. वेग तर तुमचं यंत्र सांभाळणारच आहे.”

अस्लमभाई स्टिअरिंगवर बसून समोर पाण्याकडे बघत होते. धुळ्याचा माणूस, घरात तीन पिढ्या मोटारीच्या इंजिनांचं काम. ते हळूच म्हणाले, “मॅडम, पीछे वजन आया तो बोट नाक उठाएगी. मेरे को सामने की बोया भी नहीं दिखेगी.”

“त्यांना सांगा.”

“आपका नहीं सुन रहे, मेरा सुनेंगे?”

मी अजून दांडा सोडला नव्हता. तेव्हा नाना धक्क्याच्या टोकाशी गेले आणि पाण्यातल्या मंगलालाच अहिराणीत विचारलं. “मंगला, पाव्हणा बठतीन बोटमा. तुले काही अडचण शे का व?”

मंगला धरणाकाठच्याच गावची. एकोणीस वर्षांची. लहानपणापासून चुलत्याच्या मासे धरायच्या नावेत वाढलेली, पाण्याची भीती तिला ठाऊकच नाही. स्की नानांच्या, बोट नानांची, सरावाचं डिझेल नानांचं. अख्खं गाव धरणाच्या भिंतीवर उभं होतं आणि पाहुणे सगळ्या गावाचे होते. अशा वेळी एकोणीस वर्षांची पोर काय उत्तर देणार?

“नही नाना,” ती म्हणाली. “बठू द्या.”

नानांनी माझ्याकडे असं पाहिलं, की झालं का तुमचं समाधान. तिघं बोटीत उतरले. बोट एकीकडे कलली, मग सावरली आणि मागून खाली बसली. मी दांडा सोडला. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं, ते हे असं.

आता एक गोष्ट लक्षात घ्या. आमच्यात पहिल्या टप्प्यात जी सर्वांत पुढे असते, ती अंतिम फेरीत सर्वांत शेवटी खेळते. मंगला पहिली होती, म्हणून तिची पाळी शेवटी. पाहुणेही शेवटी आले. म्हणजे बाकी मुलींना मोकळी बोट मिळाली आणि जी सगळ्यांत चांगली तिला लग्नाच्या वऱ्हाडाची. सोप्या दोऱ्या तिने सकाळच्या मोकळ्या बोटीमागे सहज पार केल्या होत्या. आता ज्या दोरीवर खरा निकाल होता तीच राहिली होती. त्या दोरीवर पुण्याच्या एका मुलीचे साडेचार बोये झाले होते. मंगलाला पाच हवे होते. पाच झाले असते तर ती राष्ट्रीय शिबिरात. जागा एकच होती. सरावात मी तिला त्या दोरीवर सहाही बोये करताना पाहिलं होतं.

बोट निघाली. पाण्यातून वर यायलाच मंगलाला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला. बोट नाक वर करून ओढत होती. मी धक्क्यावरून पाहत होते. पहिला बोया झाला. दुसरा झाला, पण लाट ओलांडताना तिची स्की उडाली हे मला काठावरून दिसलं. तिसऱ्याला ती उशिरा पोहोचली, तरी वळली.

आणि मग आबांच्या माणसांना फोटो काढायचं सुचलं.

दोघंही उठून उभे राहिले आणि फोन घेऊन डाव्या काठाला झुकले, कारण ती डावीकडून येत होती. बोट डावीकडे कलली. अस्लमभाईंनी ती रेषेत ठेवायला स्टिअरिंग ओढलं. बोटीची ओढ क्षणभर सैल पडली. दोरी ढिली झाली. यंत्राला कळलं की वेग पडला, त्याने रेस दिली, आणि ओझं जास्त म्हणून उशिरा दिली आणि जास्त दिली. ढिल्या दोरीचा एकदम हिसका बसला. गाय दावणीला हिसका देते तेव्हा दावं धरलेल्या माणसाचा हात आठवा. इथे तो हिसका ताशी पंचावन्नच्या वेगाने होता.

मंगला तोंडावर पडली. पाणी असं उडालं की काही वेळ ती दिसलीच नाही.

बोटीतून टाळ्यांचा आवाज आला. खरंच आला. आबांच्या माणसांना वाटलं, हा खेळाचाच भाग असेल.

तिला काठावर आणलं तेव्हा ती डावा हात उजव्या हाताने धरून चालत होती. आमच्याबरोबर एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी खांदा चाचपला. निखळलेला नव्हता, पण स्नायू चांगलाच ताणला होता. बर्फ लावला. मंगला रडत नव्हती. ओठ मिटून बसली होती, आणि ते मला जास्त सहन होईना.

सर तोवर बोटीतून उतरले होते आणि ध्वनिक्षेपकावर सांगायला निघाले होते. मी आडवी गेले.

“काय सांगणार आहात, सर?”

“तीन बोये. चौथ्याला हात सुटला.”

“हात सुटला? तुम्ही बोटीत होतात, सर. तुमच्या शेजारी दोन माणसं उभी राहिली. दोरी सैल झालेली तुम्हाला दिसली नाही?”

“हे बघा, रागावू नका...”

“मी रागावलेलीच आहे. मला पुन्हा फेरी हवी. बोटीमुळे खेळाडू पडली तर तिला ती फेरी पुन्हा द्यायची, हा तुमचाच नियम आहे.”

सर मला थोडं बाजूला घेऊन गेले. आवाज खाली आणला. “पुन्हा फेरी द्यायची तर कारण लिहावं लागतं. बोटीत पाहुणे होते, असं मी कसं लिहू? मीच बसू दिलं म्हणतील.”

“तुम्हीच बसू दिलंत.”

तेवढ्यात नाना आले. त्यांच्या चेहऱ्यावर खरंच काळजी होती, आणि तोंडून जे निघालं ते असं: “मॅडम, पोरीची मूठ कच्ची पडते. मी तिला किती वेळा सांगतो, दूध-अंडी खा. पुढच्या वर्षासाठी आपण पुण्याहून चांगला कोच आणू.”

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. माझा तोल गेला. मी भिंतीवरच्या लोकांनाही ऐकू जाईल अशा आवाजात बोलले, आणि मला त्याची अजूनही लाज वाटत नाही.

“कोच नको, नाना! बोट रिकामी हवी! तुम्ही या पोरीसाठी सगळं केलंत आणि आज तिच्या दोरीला तीन माणसं बांधलीत. मला माझं नाव लावून सांगायचंय, की बोट सगळ्यांसाठी सारखी होती. ती सारखी नव्हती. मी तसं सांगणार नाही. मग आजच्या दिवसातल्या एकाही मुलीचे बोये धरले जाणार नाहीत. पुण्याच्या मुलीचेही नाहीत. बघा काय करता.”

अस्लमभाई बोटीतून उतरून आले आणि त्यांनी बोटीची चावी नानांच्या हातात ठेवली. “खाली बोट दोगे तो चलाऊंगा. नहीं तो आप चलाओ.”

हे सगळं चालू असताना आबा तिथेच खुर्चीवर बसून पाणी पीत होते. फेटा काढून मांडीवर ठेवला होता. त्यांनी नानांना हाक मारली.

“नाना, काय व्हयनं? मन्ह्यामुळे पडनी का पोर?”

“नही आबा, तसं काही...”

“हो,” मी म्हणाले. “तुमच्यामुळे. त्या बोटीत दोघांशिवाय कोणी बसायचं नसतं.”

आबा माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता उठून निघून जातील आणि नाना माझ्यावर तुटून पडतील. पण आबांनी नानांनाच विचारलं, “मंग माले बठाडं कसाले भो? माले तं पाणीनी भीती वाटस. मी नही म्हननार व्हतू. पन तू इतला आग्रह करना, मी म्हनं, नानाले वाईट वाटी. म्हनीसन बठनू.”

मी तिथे उभी राहून मोजलं. आबांना बोटीत बसायचं नव्हतं. अस्लमभाईंना त्यांना बसवायचं नव्हतं. सरांना ते चूक आहे हे माहीत होतं. मंगलाला ती बोट नको होती. एकट्या नानांना वाटत होतं, की न बसवलं तर आबांचा मान राहणार नाही, आणि आबांना वाटत होतं, की न बसलं तर नानांचा मान राहणार नाही. या मानामानीत नको असलेल्या गोष्टीसाठी सगळ्यांनी मिळून एका पोरीचा खांदा घालवला. कोणी दुष्टपणाने केलं असतं तर मला भांडायला तरी बरं झालं असतं.

“द्या पुन्हा फेरी,” नाना सरांना म्हणाले. सरांनी मान हलवली. शेवटी कारण म्हणून काय सांगितलं माहीत आहे? “तांत्रिक अडचण.” म्हणजे तेही माझ्याच यंत्राच्या माथी मारलं.

डॉक्टरीणबाईंचं मत होतं, की तिने आज खेळू नये. मीही मंगलाला तेच सांगितलं. पण फेरी आजच घ्यायची असते, उद्या नाही.

“मॅडम, आते बोट खाली शे ना?” तिने विचारलं.

“आहे. फक्त अस्लमभाई आणि सर.”

“मंग मी जास.”

मी यंत्र पुन्हा तपासलं. रिकामी बोट अस्लमभाईंनी दोनदा नुसतीच फिरवून आणली. वेग दोरा लावल्यासारखा सरळ. मंगलाने खांद्याला घट्ट पट्टी बांधून घेतली आणि पाण्यात उतरली. आबाही उन्हात उभे राहून बघत होते.

पहिला, दुसरा, तिसरा. सुंदर गेली. लाट सपाट होती, दोरी तंग होती, यंत्र नेमकं हवं तेव्हा आणि हवं तेवढंच देत होतं. चौथ्यालाही ती वळली. पाचवा बोया डाव्या हाताचा होता. वळून बाहेर येताना सगळा भार डाव्या खांद्यावर येतो. मी पाहिलं, की ती बोयाकडे झुकली, हात लांबवला, आणि मूठ तिच्या हातातून निघून गेली. या वेळी तिला कोणी हिसका दिला नव्हता. हातात ताकदच उरली नव्हती. पाचव्याच्या अलीकडेच ती पाण्यात बसली.

चार बोये. पुण्याच्या मुलीचे साडेचार.

त्या मुलीचा काही दोष नव्हता. ती चांगली खेळली होती. निकाल सांगताना सर म्हणाले, की मंगलाला नियमाप्रमाणे पुन्हा संधी देण्यात आली होती आणि स्पर्धा अत्यंत न्याय्य वातावरणात पार पडली. टाळ्या झाल्या. मी टाळी वाजवली नाही. फेरी परत दिली, हे खरं. खांदा कुठून परत देणार होते?

संध्याकाळी मी जीपमधून मंगलाला तिच्या घरी सोडलं. वाटेत ती म्हणाली, “मॅडम, माले इचारं तवय मीच नही म्हनाले पाहिजे व्हतं. पन पाव्हणाले उतरी जा कसं म्हनाव?”

मी तिच्यावरही चिडले. “असंच म्हणायचं, मंगला. उतरा म्हणायचं.” बोलून झाल्यावर मला वाटलं, हे मी कोणाला सांगतेय? माझं वय तिच्या दुपटीहून जास्त, हातात बोटीचा दांडा होता, आणि तो मीही सोडलाच की.

तिचा खांदा बरा झाला आहे. ती अजून खेळते. शिबिर त्या वर्षीचं गेलं ते गेलं.

आणि आता कुठेही बोट तपासायला गेले, की सर्वांत आधी मी पाना काढते आणि बोटीतली मागची लांब सीट उचकटून काठावर ठेवते. सीटच्या वजनाची भरपाई वाळूच्या पिशव्या करतात. वाळूला मानपान नसतो, आणि ती फोटो काढायला उभी राहत नाही. मध्ये एकदा रावेरकडच्या एका कार्यक्रमात आयोजक मला विचारत होते, मॅडम, सीट का काढली, आमचे पाहुणे कुठे बसतील?

“काठावर,” मी म्हणाले.